पंचाच्या खुर्चीतला प्रतिस्पर्धी

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



या मालेत आजवर इतिहास, पाणी, न्यायव्यवस्था, संतसाहित्य अशा विषयांवर बोलणं झालं आहे. त्या पंगतीत कम्प्युटरवरच्या खेळांना पाट मांडायचा का, याची संयोजकांनी माझ्याकडून पुन्हा एकदा खात्री करून घेतली. त्यांची शंका रास्त होती. पण ज्या घरात शाळा-कॉलेजच्या वयाचं कुणी आहे, तिथे एक वाक्य हमखास ऐकू येतं : 'हा कम्प्युटर चीटिंग करतो!' घरातली मोठी माणसं हरलेल्याचा त्रागा म्हणून ते सोडून देतात. मला ते गंभीरपणे घ्यावंसं वाटतं, कारण त्यात एक जुना प्रश्न दडलेला आहे. नियम राबवणाराच समोरचा खेळाडू असेल, तर त्याच्यावर विश्वास कशाच्या आधारानं ठेवायचा?

मी डावपेचांच्या खेळांबद्दल बोलणार आहे. राज्य उभारायचं, शहरं वसवायची, सैन्य हलवायचं आणि समोरच्या राज्यांचा कारभार कम्प्युटरनं पाहायचा, असे हे खेळ. 'सिव्हिलायझेशन', 'एज ऑफ एम्पायर्स', 'स्टारक्राफ्ट' ही नावं इथल्या तरुण श्रोत्यांना सांगायला नकोत. या खेळांबद्दलच्या तक्रारी ऐकल्या तर त्या तीन प्रकारच्या निघतात. पहिली : त्याला माझं सगळं दिसतं. दुसरी : त्याच्याकडे एवढं सैन्य येतं कुठून? तिसरी : फासे नेहमी त्याच्याच बाजूनं पडतात.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचा तासभर तुम्हाला ते तपासता येईल. पहिल्या दोन तक्रारी बऱ्याचदा खऱ्या असतात. तिसरी बहुधा खोटी असते. आणि जिथे फाशांमध्ये खरोखर हात घातलेला असतो, तिथे तो बहुतेक वेळा आपल्याच बाजूनं घातलेला असतो. त्याबद्दल मात्र कुणी तक्रार करत नाही.

यंत्र, माणूस आणि पंच

यंत्राशी खेळताना फसवणुकीचा संशय येणं ही कम्प्युटरच्या आधीची गोष्ट आहे. १७७० साली व्हिएन्नाच्या दरबारात वोल्फगांग फॉन केम्पेलेन यानं राणी मारिया तेरेसापुढे एक बुद्धिबळ खेळणारा पुतळा सादर केला. तुर्की पोशाखातला तो पुतळा एका मोठ्या पेटीमागे बसून मोहरे हलवायचा. पेटीची दारं उघडून आतली चक्रं आधी प्रेक्षकांना दाखवली जायची. पुतळा युरोपभर फिरला, अमेरिकेत गेला आणि १८५४ साली फिलाडेल्फियातल्या एका आगीत जळाला. रहस्य साधं होतं : पेटीत एक तरबेज खेळाडू लपून बसत असे. १८०९ साली नेपोलियन या पुतळ्याशी खेळला. त्यानं मुद्दाम नियमबाह्य चाली करून पाहिल्या आणि अखेर पुतळ्यानं हात फिरवून पट उधळून दिला, अशी हकिगत सांगतात. म्हणजे यंत्रात माणूस लपला होता ही एक फसवणूक, आणि समोरचा सम्राट रडीचा डाव खेळत होता ही दुसरी.

त्यानंतर शंभरेक वर्षांनी लिओनार्दो तोरेस केवेदो या स्पॅनिश इंजिनियरनं खरोखर आपोआप खेळणारं यंत्र बनवलं आणि १९१४ साली पॅरिसमध्ये दाखवलं. यंत्राकडे राजा आणि हत्ती, माणसाकडे नुसता राजा, एवढाच शेवटचा डाव ते खेळायचं. माणसानं नियमबाह्य चाल केली की दिवा लागायचा. तीनदा तसं झालं की यंत्र पुढे खेळायलाच नकार द्यायचं. या यंत्राकडे एकाच वेळी दोन कामं होती, हे लक्षात घ्या. ते खेळत होतं आणि पंचगिरीही करत होतं.

डावपेचांच्या खेळांचं मूळ प्रशियाच्या लष्करात आहे. फॉन राइसविट्झ पितापुत्रांनी नकाशावर खेळायचा 'क्रीगस्पील' नावाचा युद्धखेळ बनवला. मुलानं १८२४ साली त्याचे नियम प्रसिद्ध केले आणि प्रशियाच्या सैन्यानं अधिकारी घडवण्यासाठी तो स्वीकारला. त्यातली पंचाची योजना फार विचारपूर्वक होती. दोन्ही सेनापती आपापले हुकूम पंचाकडे देत. कुणाची तुकडी कुठे आहे हे सगळं पंचाला ठाऊक, आणि ज्याला जेवढं दिसायला हवं तेवढंच तो त्याला दाखवी. फासे टाकून चकमकीचा निकालही तोच लावी. आज खेळाच्या पडद्यावर न पाहिलेला प्रदेश काळा किंवा धूसर दिसतो, ज्याला खेळाडू 'फॉग' म्हणतात, त्याचा मूळ पुरुष हा पंच आहे. सगळं जाणणारा, पण कुणाच्याच बाजूनं न खेळणारा.

कम्प्युटर आला आणि पंचाची खुर्ची त्याच्याकडे गेली. नकाशा त्याच्याच स्मृतीत, फासे त्याच्याच हातात. मग एकट्या माणसाला खेळता यावं म्हणून समोरच्या सेनापतीची खुर्चीही त्यालाच दिली. प्रशियन अधिकाऱ्यांनी ज्या दोन भूमिका कसोशीनं वेगळ्या ठेवल्या होत्या, त्या एका पेटीत आल्या. पेटीत भिंत घालता येते. खेळणाऱ्या भागाला नकाशातलं एवढंच वाचू द्यायचं, असा नियम प्रोग्रामर करू शकतो. पण ती भिंत त्याला स्वतः बांधावी लागते आणि तिला खर्च येतो. भिंत न बांधणं सोपं असतं.

दुबळा प्रतिस्पर्धी

आता कुणी विचारेल, कम्प्युटर एवढा हुशार, तर त्याला लबाडी करायची गरज काय? गरज आहे, कारण या खेळांत तो हुशार नसतो.

बुद्धिबळात चौसष्ट घरं, एका वेळी एक चाल, आणि सगळं दोघांनाही दिसतं. अशा ठिकाणी यंत्राची मोजणी उपयोगी पडते. 'डीप ब्लू' हा बुद्धिबळ खेळणारा कम्प्युटर सेकंदाला वीस कोटी स्थिती तपासत असे. 'सिव्हिलायझेशन'मध्ये मात्र एकाच वळणात डझनभर शहरांत काय बांधायचं, वीस-तीस तुकड्यांनी कुठे जायचं, कोणती विद्या शोधायची, शेजाऱ्याशी तह करायचा की नाही, हे सगळं ठरवायचं असतं, आणि अर्धा नकाशा अंधारात असतो. 'स्टारक्राफ्ट २'मध्ये तर वळणंच नाहीत, सगळं एकाच वेळी चालू. तिथे प्रत्येक क्षणी उपलब्ध असलेल्या पर्यायांची संख्या डीपमाइंड या कंपनीच्या संशोधकांनी १ वर २६ शून्यं इतकी काढली आहे. ही निवड घरगुती कम्प्युटरनं करायची, तीही चित्रं रंगवता रंगवता, आणि खेळाडू कंटाळून उठायच्या आत.

म्हणून प्रोग्रामर सरळ मार्ग काढतात. दोन ठिकाणांमधली जवळची वाट शोधायला १९६८ साली स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये हार्ट, निल्सन आणि राफाएल यांनी मांडलेली 'ए-स्टार' ही पद्धत किंवा तिची भावंडं वापरतात. निर्णयांसाठी गुणांकन असतं : शेजारी कमजोर असेल तर हल्ल्याला इतके गुण, खजिना रिकामा असेल तर इतके वजा. असा प्रतिस्पर्धी बरा खेळतो, पण मुरलेल्या खेळाडूला त्याची नस लवकर सापडते. तो लालूच दाखवली की फसतो, तोफा पुढे आणि भालेवाले मागे ठेवतो. डोकं सुधारणं अवघड असेल तर त्याचे हात भरायचे, हा त्यावरचा सोपा उपाय.

'सिव्हिलायझेशन'चा पहिला भाग सिड मायर आणि ब्रूस शेली यांनी १९९१ साली मायक्रोप्रोजसाठी बनवला. तेव्हापासून या मालिकेत काठिण्याच्या पायऱ्या आहेत. सहाव्या भागात त्या आठ आहेत. 'प्रिन्स' या पायरीवर दोघांना सारखे नियम लागू होतात. त्याच्या खाली माणसाला लढाईत जादा गुण. त्याच्या वर कम्प्युटरला सवलती, त्या चढत जातात. 'डीइटी' या शेवटच्या पायरीवर काय होतं ते पाहा : तुम्ही एका वसाहतकऱ्यानं सुरुवात करता, तो तीन वसाहतकऱ्यांनी करतो, त्याचं उत्पादन आणि सोनं ८० टक्क्यांनी जास्त, प्रत्येक लढाईत त्याला चार गुण वरचढ. डोकं मात्र तेच, 'प्रिन्स'वालं.

आपल्याकडे आट्यापाट्या किंवा लपाछपी खेळताना एखादं धाकटं पोर मागे लागलं की त्याला लिंबूटिंबू म्हणून घ्यायचे. तो बाद होत नाही, त्याच्यावर राज्य येत नाही. वरच्या पायऱ्यांवरचा कम्प्युटर हा असा लिंबूटिंबू असतो आणि खालच्या पायऱ्यांवर लिंबूटिंबू आपण असतो. यात अन्याय काहीच नाही, कारण खेळ सुरू होण्याआधी सगळ्यांसमोर ते जाहीर झालेलं असतं. भांडण होतं ते डाव अर्ध्यावर आल्यावर, 'याला सोडायचं असं ठरलंच नव्हतं' असं कुणी म्हणतं तेव्हा. कम्प्युटरवरच्या चीटिंगच्या बहुतेक तक्रारी या जागी येऊन थांबतात. सवलत दिली म्हणून कुणी चिडत नाही, ती न सांगता दिली म्हणून चिडतात.

हे ओळखणारे निर्मातेही आहेत. 'स्टारक्राफ्ट २'मध्ये ब्लिझर्डनं कम्प्युटरच्या सर्वांत वरच्या तीन पायऱ्यांना चक्क 'चीटर १', 'चीटर २', 'चीटर ३' अशी नावं दिली आणि शेजारी काय चीटिंग आहे तेही लिहिलं : पहिल्याला नकाशा पूर्ण दिसतो, पुढच्यांना साधनसामग्रीही वाढवून मिळते. त्याच्याशी हरणारा खेळाडू रागावत नाही. जिंकला तर शाळेत सांगत सुटतो.

अंधारातलं दिसणं

साधनसामग्रीची सवलत आकड्यांत मांडता येते. दिसण्याची सवलत अधिक बोचते, कारण ती नियमाच्या गाभ्यालाच हात घालते.

'सिव्हिलायझेशन'च्या तिसऱ्या भागात, म्हणजे २००१ साली, खेळाडूंच्या दोन गोष्टी लक्षात आल्या. एक, सीमेपासून दूरचं एखादं शहर रिकामं सोडलं की शत्रूची फौज नेमकी तिकडे वळते, जरी त्या शहराकडे त्याची नजर पोचायचं कारण नसलं तरी. दोन, कम्प्युटरचे वसाहतकरी ओसाड, बर्फाळ, काहीही न उगवणाऱ्या जागी गाव वसवतात आणि काही शतकांनी तेलाचा शोध लागला की त्याच गावाखाली तेल निघतं. म्हणजे तेलाची विद्या यायच्या आधीच त्याला तेल कुठे आहे ते ठाऊक होतं.

यामागे दुष्टपणा नाही. हेर पाठवणं, त्यांनी काय पाहिलं ते लक्षात ठेवणं, ती माहिती किती शिळी झाली याचा अंदाज बांधणं आणि न दिसलेल्या गोष्टींबद्दल तर्क करणं ही माणसाला सहज जमणारी कामं प्रोग्रामला शिकवणं महाकठीण असतं. नकाशा तर शेजारच्याच कप्प्यात पडलेला. त्यात डोकावू दिलं की प्रतिस्पर्धी लगेच शहाणा दिसू लागतो. पण डोकावणारा उघडा पडतो, तो असा. खेळाडू सापळा रचतो, शहर मुद्दाम रिकामं ठेवतो आणि कम्प्युटर आला की त्याला घेरतो. लबाडीतून मिळालेलं ज्ञान त्याला मूर्ख बनवतं, कारण ते मिळालं आहे ही गोष्ट लपवायची अक्कल त्याला कुणी दिलेली नसते.

त्या भागावर काम केलेल्या आणि पुढे २००५च्या चौथ्या भागाचा मुख्य रचनाकार झालेल्या सोरेन जॉन्सननं यातून धडा घेतला. २००८ साली खेळनिर्मात्यांच्या परिषदेत त्यानं व्याख्यान दिलं, त्याचं शीर्षकच 'हरण्यासाठी खेळणं' अशा अर्थाचं होतं. चांगला खेळणारा प्रतिस्पर्धी आणि ज्याच्याशी खेळायला मजा येते तो प्रतिस्पर्धी, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा त्याचा मुद्दा. तिसऱ्या भागात कम्प्युटरची राज्यं आपसांत विद्यांची देवघेव जोरात करत. नियमाला धरूनच करत, पण माणसाला वाटे की सगळ्यांनी मिळून आपल्याविरुद्ध कट केला आहे. चौथ्या भागात जॉन्सननं प्रत्येक राज्याच्या मनातला हिशेबच पडद्यावर मांडला : तुमचा-आमचा धर्म एक म्हणून अधिक इतके, तुम्ही आमच्या शत्रूशी व्यापार केलात म्हणून उणे इतके. राजा रागावला तर का रागावला ते दिसू लागलं. डावाचा निकाल काहीही लागो, कटाची शंका बरीच ओसरली.

फाशांचा न्याय

आता तिसरी तक्रार. इथे थोडं गणित लागेल. मालेची परंपरा लक्षात घेता तेवढी मुभा द्यावी.

लुडो घेऊ. 'लुडो किंग' हा आपल्या नवी मुंबईत २०१६ साली तयार झालेला खेळ, टाळेबंदीत घराघरांत पोचलेला. मोबाइलवरचा कुठलाही लुडो असो, 'मला मुद्दाम सहा देत नाही' ही तक्रार ठरलेली. सहा पडल्याशिवाय सोंगटी बाहेर निघत नाही. फासा पूर्ण प्रामाणिक असला, तरी पहिल्या दहा दानांत एकदाही सहा न पडण्याची शक्यता किती? सुमारे १६ टक्के. हे एका खेळाडूचं झालं. चौघं खेळत असतील तर त्यांच्यापैकी निदान एकाच्या वाट्याला हे दुर्दैव येण्याची शक्यता ५० टक्क्यांच्या थोडी वर जाते. म्हणजे अगदी सच्चा फासा टाकूनही दर दोन डावांत एकदा कुणीतरी 'हे फिक्स आहे' म्हणणार. घरातल्या लाकडी फाशावर हा आरोप होत नाही, कारण तो आपल्या हातातून पडताना दिसतो.

पाश्चात्त्य सोंगट्यांच्या बॅकगॅमन या खेळात हा आरोप कम्प्युटरवर वर्षानुवर्षं होत आला आहे. म्हणून ग्नू बॅकगॅमनसारख्या प्रोग्राममध्ये सोय ठेवली : खरे फासे तुम्ही टेबलावर टाका आणि पडलेलं दान यंत्राला सांगा. कसलेला प्रोग्राम तरीही जिंकतो. त्याला दान चांगलं पडतं असं वाटतं, कारण जास्तीत जास्त दानं उपयोगी पडतील अशाच जागी तो सोंगट्या ठेवून देतो. कसबी खेळाडू बाहेरून पाहणाऱ्याला नशीबवान दिसतो, तो असा.

डावपेचांच्या खेळांत फासा लपलेला असतो, टक्केवारीच्या रूपात. 'एक्सकॉम' या परग्रहवासीयांशी लढायच्या खेळात, ज्याची नवी आवृत्ती २०१२ साली आली, नेम लागण्याची शक्यता पडद्यावर लिहिलेली असते : ८५ टक्के. खेळाडू ते 'लागणारच' असं वाचतो. वास्तविक वीसपैकी तीन गोळ्या चुकायला हव्यात, आणि लागोपाठ दोन चुकण्याची शक्यता सव्वादोन टक्के. शेकडो गोळ्यांच्या मोहिमेत हे अनेकदा होणार. ज्या दोन गोळ्यांनी आपला लाडका शिपाई गमावला त्या आपल्याला आठवतात. लागलेल्या बाकीच्या विसरल्या जातात. लहान नमुन्यावरही मोठ्या संख्येचा नियम लागू व्हावा अशी माणसाची अपेक्षा असते, हे ॲमॉस ट्वर्स्की आणि डॅनियल काह्नेमन यांनी १९७१ सालीच दाखवून दिलं होतं.

सिड मायरनं २०१० साली सॅन फ्रान्सिस्कोतल्या भाषणात आपल्या खेळाच्या चाचण्यांतला अनुभव सांगितला. तीनास एक असं बळ असताना खेळाडू हरला की तो म्हणे, हे चूक आहे, तीन म्हणजे केवढं मोठं! तोच खेळाडू एकास तीन असा कमकुवत असताना जिंकला तर मात्र त्याला काहीच वावगं वाटत नसे. तो त्याच्या डावपेचांचा विजय. दोनास एक असताना एकदा हरणं तो सोसे, लागोपाठ दुसऱ्यांदा हरणं नाही. आणि वीसास दहा हे प्रमाण दोनास एक इतकंच असलं तरी दहाचा फरक त्याला मोठा वाटे. शेवटी खेळाचं गणितच खेळाडूच्या भावनेला जुळवून घेतलं गेलं.

हा एकटा अपवाद नाही. जपानी 'फायर एम्ब्लेम' मालिकेत २००२ पासूनच्या अनेक भागांत पडद्यावर ७५ टक्के लिहिलेलं असताना खरी शक्यता सुमारे ८८ टक्के असते. ० ते ९९मधले दोन आकडे काढून त्यांची सरासरी घेतात, त्यामुळे मोठी शक्यता आणखी मोठी होते आणि छोटी आणखी छोटी. ९० लिहिलेलं असेल तर प्रत्यक्षात ९८. खेळाडूची माणसं सहसा शत्रूपेक्षा सरस असतात, म्हणून फायदा त्यालाच. 'एक्सकॉम २'मध्ये सोप्या पायऱ्यांवर लागोपाठ नेम चुकले की पुढचा नेम लागण्याची शक्यता गुपचूप वाढवली जाते. फासे खरोखर फिरवले जातात, श्रोतेहो. ते आपल्यासाठी फिरवले जातात. 'मला आज संशयास्पद रीतीनं यश येत आहे' अशी तक्रार घेऊन मात्र आजवर कुणी आलेलं नाही.

आपली बाजू एवढी स्वच्छ आहे का, तेही पाहू. नेम चुकला की जुना साठवलेला डाव उघडून तीच गोळी पुन्हा मारायची, हा सर्रास चालणारा प्रकार. 'एक्सकॉम'नं यादृच्छिक आकडे ज्यावरून निघतात ते बीजच डावाबरोबर साठवलं, त्यामुळे तीच गोळी पुन्हा मारली की पुन्हा चुकते. काळ मागे फिरवून डाव जिंकू पाहणाऱ्यांनी यावरही ओरड केली की यंत्र चीटिंग करतं!

गांधीजींचा अणुबॉम्ब

यंत्राच्या वागण्यात आपण हेतू कसे वाचतो, याचं एक उदाहरण आपल्या जिव्हाळ्याचं आहे. 'सिव्हिलायझेशन'च्या अनेक भागांत भारताचे नेते महात्मा गांधी आहेत. जगभर पसरलेली गोष्ट अशी : पहिल्या भागात गांधीजींची आक्रमकता सर्वांत कमी, म्हणजे १ ठेवली होती, लोकशाही स्वीकारली की ती दोननं घटायची, १ वजा २ म्हणजे उणे एक, पण त्या कप्प्यात ऋण संख्या मावत नसल्यामुळे ती २५५ व्हायची आणि गांधीजी सगळ्यांवर अणुबॉम्ब टाकत सुटायचे. गोष्ट इतकी नीटस आहे की प्रोग्रामिंगच्या वर्गांतही ती सांगितली जाते.

ती खरी नाही. सिड मायरनं २०२० सालच्या आपल्या आत्मकथनात असा दोष कधी नव्हताच, असं स्पष्ट लिहिलं. मूळ खेळात गांधीजी इतर शांत नेत्यांसारखेच वागत. मात्र ते विद्येच्या मागे लागलेले असत, त्यामुळे अणुशक्ती त्यांच्या हाती लवकर येई. आणि अण्वस्त्रं असलेला कोणताही नेता वाटाघाटीत ठरावीक धमकीचं वाक्य बोले. तेच वाक्य इतरांच्या तोंडी कुणाच्या लक्षात राहिलं नाही, गांधीजींच्या तोंडी राहिलं. पुढे २०१०च्या पाचव्या भागात रचनाकारानं गंमत म्हणून गांधीजींचा अण्वस्त्रांकडचा कल खरोखरच कमाल ठेवला. अफवेतला दोष असा मागाहून खेळात आला.

याच्या उलट बाजूचा अनुभव 'हेलो' हा खेळ बनवणाऱ्यांना आला. चाचण्यांमध्ये शत्रूंचं डोकं तेच ठेवून त्यांना फक्त लवकर न मरणारे केलं, तर खेळणारे त्यांना जास्त हुशार म्हणू लागले. जो टिकतो तो शहाणा आणि जो अनपेक्षित वागतो तो कपटी, असं आपण झटकन ठरवून मोकळे होतो.

प्रामाणिक यंत्राचा संशय

आता दोन प्रसंग, जिथे यंत्रानं नियम मोडला नव्हता तरी माणसाला फसवल्यासारखं वाटलं. मे १९९७, न्यूयॉर्क. आदल्या वर्षी डीप ब्लूला ४-२ असं हरवणारा बुद्धिबळपटू गॅरी कास्पारोव्ह फेरसामन्याच्या दुसऱ्या डावात हरला. यंत्राला वजीर आत घुसवून प्यादी टिपता आली असती. त्यानं तसं न करता प्रतिस्पर्ध्याला शांतपणे जखडून टाकणारी चाल केली. यंत्र हावरट असतं, ही चाल माणसाचीच, असा कास्पारोव्हला संशय आला आणि त्यानं यंत्राच्या विचारांच्या नोंदी मागितल्या. त्या वेळी त्या दिल्या गेल्या नाहीत. आयबीएमनं त्या नंतर प्रसिद्ध केल्या. त्याहून बोलकी गोष्ट म्हणजे ज्या स्थितीत त्यानं डाव सोडला, तिथे बरोबरी साधता आली असती, असं विश्लेषणात निघालं. समोरच्याच्या सर्वज्ञतेवर विश्वास बसला की माणूस वाचणारा डावही सोडून देतो. सामना ३.५-२.५ असा गेला.

दुसरा प्रसंग जानेवारी २०१९चा. डीपमाइंडच्या 'अल्फास्टार' या प्रोग्रामनं 'स्टारक्राफ्ट २'च्या दोन व्यावसायिक खेळाडूंना प्रत्येकी ५-० हरवलेले डाव जाहीर झाले. जादा साधनं नव्हती, अंधारातलं दिसणंही नव्हतं. तरी जाणकारांनी आक्षेप घेतला : माणसाला एका वेळी पडद्यावरचा एकच तुकडा दिसतो, याला आपल्या सैन्याला दिसणारा सगळा नकाशा एकदम दिसत होता, आणि ऐन चकमकीत त्याच्या हालचालींचा वेग व अचूकता माणसाच्या बोटांना शक्य नव्हती. कॅमेऱ्याची मर्यादा घातलेल्या आवृत्तीशी थेट प्रक्षेपणात खेळताना त्यांच्यापैकी एका खेळाडूनं तिला हरवलंसुद्धा. डीपमाइंडनं आक्षेप मान्य करून दृष्टीवर आणि हालचालींच्या संख्येवर बंधनं घातली. त्या बंधनांसह अल्फास्टार त्याच वर्षी ग्रँडमास्टर श्रेणीत पोचला, आणि त्या यशाबद्दल फारशी कुरकुर झाली नाही. न्याय म्हणजे काय हे नियमपुस्तकात पूर्ण लिहिलेलं नव्हतं. ते दोन्ही बाजूंनी बोलून ठरवावं लागलं.

मागणं

या सगळ्यातून मला एक कसोटी दिसते. सवलत असणं हा दोष नाही. दुबळ्या प्रतिस्पर्ध्याला बळ देणं, हरून हिरमुसलेल्या खेळाडूला थोडं सावरणं, यात वाईट काहीच नाही. त्याशिवाय हे खेळ रंगणारच नाहीत. कसोटी आहे ती जाहीर करण्याची. 'चीटर १' असं पाटीवर लिहिणारा प्रामाणिक आहे. रागाचा हिशेब पडद्यावर मांडणारा प्रामाणिक आहे. ७५ लिहून ८८ देणारा उदार असेल, पण त्यानं आकड्यावरचा आपला विश्वास थोडा खर्च केला आहे. त्याच्याकडे वर्षानुवर्षं खेळलेल्या माणसाला खरे ७५ टक्के भेटले की ते खोटे वाटतात. आपल्या बाजूनं बोललेलं खोटं आपली पारख अशी बिघडवत जातं.

आणि ही गोष्ट खेळापुरती राहिलेली नाही. बाजार भरवणारं ॲप त्याच बाजारात स्वतःचा मालही विकतं. भाडं ठरवणारा, गाडी नेमून देणारा आणि त्या व्यवहारातून स्वतः कमाई करणारा प्रोग्राम एकच असतो. पंच आणि खेळाडू पुन्हा एकाच पेटीत. तिथे पायरी निवडायचा पडदा येत नाही आणि 'चीटर'ची पाटीही नसते. आपली मुलं ज्या वयात ही रचना पहिल्यांदा अनुभवतात, ते वय खेळाचं आहे. म्हणून त्यांनी 'चीटिंग!' असं ओरडलं की गप्प बसवू नका. त्यांना तीन प्रश्न विचारायला शिकवा : त्याला काय दिसतं जे मला दिसत नाही? त्याला काय मिळतं जे मला मिळत नाही? आणि फासे कुणी, कुणाच्या बाजूनं वळवले आहेत?

हरल्यावर हे तिन्ही प्रश्न सगळेच विचारतात. जिंकल्यावरही विचारावेत, एवढंच माझं मागणं आहे. आपल्याला मिळालेल्या छुप्या सवलतीचाही जो हिशेब मागतो, त्याच्या तक्रारीला पंच नुसता हरलेल्याचा त्रागा म्हणू शकत नाही.